कागदावर न आलेली गाडी

फोन्तिन्यास, तेर्सेइरा बेट
सोमवार, २६ मे १९८६

लिदुईनो यांस,

पवित्र आत्मा तुम्हांला सुखात ठेवो, आणि हे पत्र फाडण्याआधी वाचण्याइतका धीर देवो.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून कुणी गेलं की काय असं वाटेल. कुणी गेलेलं नाही. माझी आई गेली त्याला चार वर्षं झाली, ते तुम्हांला तेव्हाच कळलं असणार, कारण त्या महिन्यात तुमची मनीऑर्डर दुप्पट आली होती. आजचं कारण वेगळं आहे.

काल त्रैक्याचा रविवार. मिस्सा झाल्यावर पवित्र आत्म्याच्या देवळीपुढे, त्याचा चांदीचा मुकुट पुढच्या वर्षी कुठल्या सात घरी राहायचा त्याच्या सात चिठ्ठ्या काढल्या, सात रविवारांच्या सात. सहावी तुमच्या नावाची निघाली.

मंडळाची वही सांभाळणाऱ्या औरेलियोकाकांनी ती उलगडली, हात लांब करून बघितली, मग डोळ्यांजवळ आणली आणि म्हणाले, “लिदुईनो मशादो. हा आता कुठे असतो?” मागून तेओतोनियु ओरडला, “अहो काका, तो नाही का कॅलिफोर्नियात लोकांच्या गायी पिळतोय! मुकुट काय आता पोस्टानं फिरवायचा?” सगळे हसले. मीही हसले. मग काकांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “इदालीना, चिठ्ठी परत घालू का डब्यात?” मी म्हटलं, “देवानं काढलेली चिठ्ठी परत घालणारे तुम्ही कोण?” मग कुणी हसलं नाही.

म्हणजे ईस्टरनंतरच्या सहाव्या रविवारी मुकुट आपल्या घरून चर्चला जायचा. आधीचा आठवडा तो आपल्याकडे राहील, रोज संध्याकाळी जपमाळ, आणि रविवारी सगळ्या गावाला रस्सा-पाव, मातीच्या भांड्यातलं मांस आणि गोड पाव. हे तुम्ही विसरला नसाल, पण लिहिलेलं बरं.

तुमचं नाव यादीत राहिलं कसं असं विचाराल. जाताना तुम्ही काढून टाक म्हणाला होतात. मंडळाच्या वहीत घराचं एक नाव लागतं आणि ते बाईचं चालत नाही. म्हणून मी दरवर्षी तुमच्या नावानं वर्गणी भरत आले. दुसरं काही कारण नाही.

तो रविवार पुढल्या वर्षी ३१ मेला येतो. येणार असाल तर नाताळापर्यंत कळवा, वासरू आत्तापासून राखावं लागेल.

तुमची,
इदालीना

ता. क. ती लाल मस्टँग गाडी अजून बेटावरच आहे. हल्ली अमेरिकन हवाई दलाच्या बेसवर टिडवेल नावाच्या सार्जंटकडे असते. सहज कळवलं.


मंगळवार, १९ ऑगस्ट १९८६

लिदुईनो यांस,

पत्राचं उत्तर आलं नाही. मनीऑर्डर मात्र आली, शंभराऐवजी अडीचशे डॉलरची. हे मुकुटासाठी आहे असं मी समजले. पैसे पाठवून मुकुट उचलता येत नाही, हे तुमच्या आईनं तुम्हांला शिकवलं असेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीला अमेरिकेतली मंडळी आली आहेत. गुआल्तेर आला होता, तोच तुमच्या शेजारच्या गोठ्यावर असतो तो. मला डब्यातले पीच, नायलॉनचे मोजे आणि बिनवासाचा साबण घेऊन आला. मी त्याला बसवलं, कॉफी दिली, आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं सगळं विचारलं.

“कसा आहे?”

“गुडघे गेलेत वहिनी. पहाटे तीनला दोहायचं, दुपारी तीनला परत दोहायचं. तीनशे गायी आहेत त्याला.”

“त्याच्या?”

“त्याच्या कुठल्या! मालकाच्या. त्याच्या वाट्याला फक्त आचळं.”

मला हसू आलं, आणि मग आलेलं हसू गेलं. राहता कुठे म्हणून विचारलं. म्हणाला, गोठ्यामागे खोली आहे. खाट, स्टोव्ह, भिंतीवर आपल्या चर्चचं कॅलेंडर. कॅलेंडर बहात्तर सालचं आहे. “मी म्हटलं त्याला, अरे नवीन आणून देतो. तर म्हणतो, असू दे, चित्र चांगलं आहे.”

“आणि गाडी? गाडी तर घेतली असेल ना एव्हाना?”

गुआल्तेरनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “वहिनी, आमच्या सगळ्या तुलारे गावात गाडी नसलेला एकच पोर्तुगीज आहे. बाजाराला दुधाच्या ट्रकमध्ये बसून जातो. आम्ही खूप चिडवतो त्याला. तर म्हणतो, एकदा घेतली होती, परत करावी लागली.”

मी त्याला आणखी पाव वाढला.

जाताना दारात उभा राहून तो एवढंच बोलला, “त्याला यायचं नाही असं नाही हो. पण रिकाम्या हातांनी अमेरिकेहून कोण येतं? आम्ही बघा, कर्ज काढून पीच आणतो.”

लिदुईनो, माझ्या घरात पीच ठेवायला जागा नाही. हे लक्षात असू द्या.

सार्जंट टिडवेलची इथली मुदत संपत आली आहे. त्यानं गाडीच्या काचेला विक्रीची पाटी लावली आहे. झुल्मिरानं सांगितलं. ती आपल्या शेजारच्या ऊर्सुलाची मुलगी, बेसच्या धुलाईखान्यात कामाला असते.

इदालीना


सोमवार, २० ऑक्टोबर १९८६

लिदुईनो यांस,

हे पत्र खुर्चीत बसून वाचा. मी ती गाडी विकत घेतली.

होय, तीच. डाव्या दारावर खिळ्यानं ओढलेला चरा आहे, तो तुम्ही रंग भरून बुजवला होतात. रंग उडाला आहे पण चरा तिथेच आहे. तुम्हांला ती विकणाऱ्या अमेरिकन हॅलोरनपासून मोजलं तर टिडवेल तिचा सहावा मालक. जो येतो तो जाताना पुढच्याला विकून जातो. माणसं बदलली, गाडी काही बेटाबाहेर गेली नाही. चौदा वर्षं मी ती रस्त्यावर येता-जाता बघते आहे. गायीला घेऊन चालले असले की हॉर्न वाजतो, मी गायीला कडेला घेते आणि खाली बघते.

त्या दिवशीचं माझ्या बाजूनं मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. तुम्ही बेसच्या गॅरेजात कामाला होतात. सहा महिन्यांचा पगार तुम्ही हॅलोरनला गाडीपोटी दिलात हे मला पाव भाजताना शेजारणीकडून कळलं. तो पैसा मी मनात गायीसाठी धरला होता. एप्रनला पीठ होतं तशीच मी फाटकाशी गेले. तुमच्या सगळ्या सोबत्यांसमोर हॅलोरनपुढे एप्रन पसरला आणि म्हटलं, माझ्या नवऱ्याला अक्कल नाही, त्याचे पैसे द्या. त्यानं बिचाऱ्यानं दिले. तुम्ही हातात पाना घेऊन उभे होतात. घरी आल्यावर तुम्ही ओरडाल म्हणून मी वाट बघितली. तुम्ही जेवलात, ताट धुतलंत आणि झोपलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं. पाच महिन्यांनी तुम्ही विमानात बसलात.

गाय घेतली, ती मिमोझा. चांगली निघाली. आत्ता गोठ्यात तिची नात आहे. आणि तुम्ही तिकडे तीनशे गायींत. हे असं का झालं ते मी फादरांना विचारलं होतं. ते म्हणाले, देवाला विनोद कळतो. फादर तरुण आहेत.

तर गाडी. मी झुल्मिराला इंग्रजी बोलायला म्हणून नेलं. टिडवेल लांबलचक माणूस, गालावर तीळ. मी गाडीभोवती दोनदा फिरले, बाजारात गाय बघतात तशी. टायरला पाय लावला. झुल्मिरा कानात पुटपुटली, “काकू, दात नका बघू तिचे.”

त्यानं किंमत सांगितली. मी म्हटलं, “झुल्मिरा, त्याला सांग, हिचं वय अठरा आहे. अठरा वर्षांच्या गायीला कोणी काही देत नाही.”

झुल्मिरानं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “गाय असे आवाज करत नाही,” आणि त्यानं इंजिन सुरू केलं. लिदुईनो, मला तो आवाज माहीत होता. तुम्ही जेवताना ओठ मिटून तोच आवाज काढायचात.

मग मी फार घासाघीस केली नाही. थोडी केली. त्यानं किल्ली हातात दिली. एकच होती. दुसरी म्हणे त्याच्याकडे आली तेव्हापासूनच नव्हती.

आता पुढचं हसू नका. झुल्मिराचा भाऊ गाडी घरी आणायला बसला आणि फाटकावर सीमाशुल्काच्या शिपायानं आडवा बांबू खाली केला. म्हणे, अमेरिकनाच्या हातात ती बेटभर फिरू शकते. आपल्या माणसाच्या हातात गेली की आधी जकात. जकात ऐकून मी तिथल्या दगडावर बसले. तेवढ्यात अशा तीन गाड्या आल्या असत्या.

मी म्हटलं, “अरे बाबा, ही चौदा वर्षं तरी याच बेटावर आहे.”

शिपाई म्हणाला, “बाई, बेटावर आहे. पण कागदावर अजून आलेली नाही.”

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली, गल्लीभर लोकांची पत्रं वाचून देणारी मीच एक शहाणी. घासाघीस करायला शिकले, पण विचारायला नाही. ऊर्सुला म्हणाली, “इदालीना, तू तेव्हा विचारलं असतंस तर आज माहीत असतं.” तिला गाडीबद्दल म्हणायचं होतं.

आता गाडी फाटकाच्या आत, तारेच्या कुंपणाला लागून उभी आहे. ३० जूनपर्यंत तिथे राहू देतील. रविवारी मिस्सेनंतर मी तिकडून घरी येते. लांब पडतं, पण वाट सपाट आहे.

सोडवायचे दोन मार्ग आहेत म्हणे. एक जकात. दुसरा, परदेशात बरीच वर्षं काढून कायमचा परत येणारा माणूस. त्याच्या नावावर ती जकातीशिवाय सुटते.

मी फक्त काय ते कळवलं.

इदालीना

गाडीला पैसे कुठून आले ते पुढे कधीतरी लिहीन.


रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

लिदुईनो,

नाताळ गेला. उत्तर नाही. वासरू मी राखलंच आहे.

गेल्या मंगळवारी सीमाशुल्काच्या कचेरीत अर्ज घेऊन गेले होते, जकात थोडी कमी होते का बघायला. तिथे बेलार्मिनो नावाचे म्हातारे अधिकारी आहेत, पुढल्या वर्षी निवृत्त होतील. अर्जावरचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढला.

“मशादो? गॅरेजातला? लाल मस्टँग?”

“तोच. मी त्याची बायको.”

“म्हणजे एप्रनवाली.”

चौदा वर्षांनीही, लिदुईनो. मी खाली बघितलं. पण ते हसत नव्हते. म्हणाले, “तुमचा नवरा बहात्तर साली माझ्याकडे आला होता, पैसे देण्याच्या आधी. मी त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा, फाटकाबाहेर ही तुला कधीच नेता यायची नाही. तर म्हणाला, बाहेर कोणाला न्यायचीय? बेसमध्ये धावपट्टीच्या कडेनं तीन मैल रस्ता आहे, वरिष्ठांनी रविवारची परवानगी दिलीय. बायकोला बसवून तिथपर्यंत नेईन आणि आणीन. तिनं चर्चच्या पायऱ्यांपलीकडे काही बघितलेलं नाही, म्हणाला.”

मी विचारलं, “हे त्यानं मला का नाही सांगितलं?”

“रविवारी सांगणार होता. तुम्ही शुक्रवारी आलात.”

तिथून मी चालत घरी आले. सहा किलोमीटर. वाटेत जपमाळ म्हणायला घेतली आणि तिसऱ्या मण्यावरच विसरले.

आता माझं ऐका. तुम्ही पंचाहत्तर साली अमेरिकेहून बोलावण्याचे कागद पाठवलेत. मी उत्तर दिलं नाही. गावात मी सांगितलं की आई अंथरुणाला खिळली आहे, तिला सोडून कशी जाऊ. तुम्हांलाही कुणीतरी हेच सांगितलं असेल. लिदुईनो, आई तेव्हा विहिरीवरून दोन बादल्या घेऊन येत होती. अंथरूण धरलं ते एक्याऐंशी साली. मी खोटं बोलले, आणि सहा वर्षांनी देवानं ते खरं करून दाखवलं.

खरं कारण तुमच्या पत्रातली एक ओळ. “इथे ये, इथे माझे पैसे परत मागायला तुला कुठे चालत जावं लागणार नाही.” तुम्ही थट्टेनं लिहिलं होतंत की रागानं, हे मला ठरवता आलं नाही. मी ते कागद हिशेबाच्या वहीत ठेवले आणि वही मिटली. वर्षभरात सही करून पाठवायचे होते. मी रोज वही उघडत होते, रोज दुधाचा आकडा लिहीत होते, आणि कागद उचलून पुन्हा तिथेच ठेवत होते. मग वर्ष संपलं आणि तुमची पत्रं थांबली. मनीऑर्डर थांबली नाही. त्याचा मला जास्त राग आला.

ते डॉलर मी खर्च केले नाहीत. गावाला वाटतं इदालीना अमेरिकेच्या पैशावर जगते. मी तीन गायींवर आणि सणाच्या गोड पावांवर जगले. तुमचे पैसे बिस्किटाच्या डब्यात होते, सगळे. गाडी त्यातून आली. म्हणजे गाडी तुमचीच आहे, मी फक्त एप्रन उलटा केला.

आणि पहिल्या पत्रात तुमचं नाव यादीत ठेवण्याचं कारण दिलं होतं, तेही खरं नव्हतं. बाईचं नाव चालत नाही हे बरोबर आहे. पण दरवर्षी वर्गणी भरताना औरेलियोकाका वहीत बोट फिरवून मोठ्यानं वाचतात, “लिदुईनो मशादो, हजर.” ते ऐकायला मी जात होते. त्या वहीत तुम्ही कधी गेलाच नाहीत.

३१ मे. मी यापुढे यायला सांगणार नाही. सांगायचं ते सांगून झालं.

इदालीना


मंगळवार, २ जून १९८७

प्रिय लिदुईनो,

सण झाला. तुम्ही आला नाहीत. सगळं क्रमानं लिहिते, कारण तुम्हांला माहीत असायला हवं.

सोमवारी मुकुट घरी आणला. आतल्या खोलीत वेदी केली, तुमच्या आईचा विणलेला रुमाल खाली घातला. रोज संध्याकाळी जपमाळेला इतकी माणसं यायची की दाराबाहेर उभी राहायची. प्रत्येकजण आधी मुकुटाला नमस्कार करायचा आणि मग स्वयंपाकघरात डोकावायचा, तुम्ही आहात का बघायला. मी सांगून टाकलं, विमान उशिरानं येतंय. हेही कबुलीजबाबात सांगावं लागेल.

शुक्रवारी गोड पाव भाजायला बायका जमल्या होत्या. हात पिठात असताना पोस्टमन आला. तुलारेचा शिक्का, तुमचं अक्षर. मी लिफाफा कोपरानं पोटाशी धरला आणि गोठ्यात गेले. आत कागद नव्हता. एक किल्ली होती, दोऱ्यानं बांधलेली, सोबत बेसच्या गॅरेजचा तुमच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला.

मिमोझाच्या नातीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. म्हणजे हॅलोरननं तुम्हांला किल्ली आधीच दिलेली होती. मी पैसे परत घेतले आणि किल्लीबद्दल कुणी विचारलंच नाही. तुम्ही ती खिशात घालून अमेरिकेला गेलात, आणि चौदा वर्षं दुधाच्या ट्रकमधून हिंडलात.

बायकांनी विचारलं, “काय लिहितोय?” मी म्हटलं, “येत नाही म्हणतोय.” ऊर्सुला म्हणाली, “मग रडतेस कशाला? तो तर नेहमीच येत नाही.” मी म्हटलं, “कांदा.” पावात कांदा नसतो हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. ऊर्सुलानं माझ्या वाटणीचं पीठ मळायला घेतलं.

शनिवारी औरेलियोकाका आले. “इदालीना, पुरुष लागेल. तेओतोनियु तयार आहे मुकुट धरायला.”

“चिठ्ठी कुणाच्या नावाची?”

“लिदुईनोच्या.”

“मग तेओतोनियु का? घरात माणूस आहे.”

“कुठे आहे?”

“तुमच्यासमोर उभी आहे.”

काकांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, “जड असतो हं.” मी म्हटलं, “दुधाच्या कॅनपेक्षा?”

तर रविवारी मी घेऊन गेले. आपल्या दारापासून चर्चपर्यंत, मागे बँड, दोन्हीकडे माणसं. फादरांनी मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला तेव्हा तो कपाळावर थोडा खाली आला, कारण तो पुरुषांच्या मापाचा आहे. मी तुमच्यासाठी काय मागितलं ते लिहीत नाही. नंतर तीन पंगती झाल्या. मांस उतरलं छान, भांडं पुसून खाल्लं लोकांनी. तेओतोनियुनं चार वेळा वाढून घेतलं आणि म्हणाला, “वहिनी, कॅलिफोर्नियाला कळवा, त्याच्या वाटचं मी जेवलो.” कळवते.

काल सोमवारी झुल्मिराला घेऊन बेसवर गेले. फाटकावरच्या पोरसवदा शिपायाला तिनं काय सांगितलं कोण जाणे, त्यानं मला आत सोडलं. तुमची किल्ली लावली. दार उघडलं. आतून उन्हात तापलेल्या कातड्याचा वास आला. मी शेजारच्या जागेवर बसले, तुम्ही मला जिथे बसवणार होतात तिथे. स्टिअरिंगमागची जागा मोकळी होती. समोर तो तीन मैलांचा रस्ता, दोन्हीकडे पिवळे पट्टे, आणि पलीकडे समुद्र. झुल्मिरानं खिडकीतून विचारलं, “काकू, सुरू करू?” मी नको म्हटलं. पंधरा मिनिटं बसले असेन.

तिथे बसून मला एक कळलं. मी वर्षभर तुम्हांला या म्हणून लिहिते आहे. बोलावणं मात्र मला आलं होतं.

इदालीना


सोमवार, २९ जून १९८७, संत पीटरचा दिवस

प्रिय लिदुईनो,

गाडी विकली. मुदतीच्या चार दिवस आधी.

बेसच्या इस्पितळात नवीन नर्स आली आहे, मिस हॉलिस. पंचविशीची, नाकावर ठिपके, घरच्या आठवणीनं डोळे सुजलेले. ती गाडीभोवती एकदाच फिरली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. तिनं झुल्मिराला विचारलं, “या बाई विकतायत का? गाडीत काही खोट आहे?”

मी म्हटलं, “सांग तिला, खोट काही नाही. मी जाते आहे. ही गाडी सगळ्यांनी त्याच कारणासाठी विकली.”

झुल्मिरानं ते इंग्रजीत सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून पोर्तुगीजमध्ये किंचाळली, “काय? कुठे जाताय?” तिलाही तेव्हाच कळलं.

म्हणजे त्याच फाटकाशी उभं राहून त्याच गाडीचे पैसे मी दुसऱ्यांदा हातात घेतले. पहिल्या वेळी तुम्ही गेलात.

बोलावण्याचे जुने कागद आता चालत नाहीत. वकिलातीतली बाई ते बघून म्हणाली, “इतके जपून ठेवलेत आणि सही नाही केलीत?” पाहुणी म्हणून सहा महिन्यांचा परवाना दिला. पुढचं पुढे. गायी ऊर्सुलाकडे दिल्या आहेत, मिमोझाची नात सोडताना तिला समजावून सांगितलं. कोंबड्या कापल्या. घराची किल्ली फादरांकडे.

१४ तारखेला त्रैक्याच्या रविवारी नवीन चिठ्ठ्या झाल्या. काल निरोप घ्यायला गेले तेव्हा काकांनी वही पुढे केली. “आता कुणीच राहणार नाही या घरात. नाव काढू?” मी पुढल्या दोन वर्षांची वर्गणी ठेवली आणि म्हटलं, “वाचा.” त्यांनी वाचलं, “लिदुईनो मशादो, हजर.” आणि मग, कुणी सांगितलं नसताना, खालच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “इदालीना मशादो.” तिथे काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तसंच वाचलं.

मिस हॉलिसला एकच किल्ली दिली. दुसरी आहे हे तिला सांगितलं नाही. आधीच्या पाचजणांनाही ती कुणी दिलेली नव्हती.

विमान १४ जुलैला, आधी बोस्टन, मग दुसरं. सोबत सहा गोड पाव आहेत, कपड्यांत गुंडाळून. झुल्मिरा म्हणते खिडकीची जागा घेऊ नका, चक्कर येते. मी घेतली आहे.

गुरुवारी १६ तारखेला दुपारी बसनं तुलारेला पोचेन. तीन वाजता तुमच्या दोहण्याची वेळ असते, तेव्हा गायी सोडून येऊ नका. एक माणूस घेणार असाल तर मला हातानं दोहता येतं, यंत्र शिकेन. आणि पत्ता कळवायची गरज नाही. तेरा वर्षं तो प्रत्येक मनीऑर्डरच्या मागे तुमच्या हातानं लिहिलेला येतो आहे. मला तोंडपाठ आहे.

तुमची,
इदालीना